शेठच्या वाटीतलं पाणी

"श्श! पाल पळेल."

संध्याकाळी आमच्या मजल्याच्या गॅलरीत पाय ठेवला की हे ऐकू यायचं. ट्यूबलाइटखाली स्टुलावर काका उभे. एका हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, आणि नजर भिंतीवरच्या पालीवर. आपण दादरहून ऑफिस करून आलेलो, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि हे गृहस्थ आपल्याला जागच्या जागी उभं करणार. मी मनातल्या मनात चडफडत उभी राहायचे. डबा भिंतीला टेकायचा, पुठ्ठा खालून हळूच सरकायचा, आणि मग काका माझ्याकडे बघून ओशाळं हसायचे. "झालं. जा आता तू. आज शेठ जेवेल."

शेठ म्हणजे साप. दचकलात ना? आम्हीही दचकलो होतो. गिरगावातल्या चाळीत लोकांनी पोपट पाळले, मांजरं पाळली, एकाने तर गच्चीवर कोंबडे ठेवून सगळ्यांची झोप उडवली. पण साप? छे!

साप काकांचा नव्हता, त्यांच्या मुलाचा होता. काका आमच्या शेजारचे, भिंतीला भिंत. विम्याच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको मुलगा शाळेत असतानाच गेली. त्यानंतर दोघंच राहिले, आणि दोघंही अबोल. मी लहानपणापासून त्यांच्या घरातून ऐकलेलं संभाषण म्हणजे "जेवलास?" आणि "हो." मुलगा पुढे कॉम्प्युटरवर काहीतरी काम करायला लागला, दिवसभर आतल्या खोलीत. आणि एके दिवशी शीव कोळीवाड्यातल्या मित्राकडून काचेची पेटी घेऊन आला. मित्राचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोने सांगितलं होतं, एक तर मी, नाहीतर तो.

गंमत म्हणजे काकांनीही मुलाला हेच सांगितलं. "या घरात एक तर ते जनावर राहील, नाहीतर मी." मुलाने वाद घातला नाही. पेटी आतल्या खोलीत ठेवली आणि दार लावून घेतलं. काका त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकेनात. ते तर पालीलासुद्धा इतके घाबरायचे, की मोरीत पाल दिसली तर अंघोळ राहिली. तेव्हा स्टुलावर उभा राहून पाली पकडायचा तो मुलगा. श्रीखंडाचा डबा त्याचा, लग्नपत्रिकेची युक्ती त्याची, आणि "श्श, पाल पळेल" हेही त्याचंच. सापाला 'शेठ' हे नावही त्याने दिलेलं, कारण संध्याकाळशिवाय उठायचं नाही आणि उठूनही काही करायचं नाही. तो स्टुलावर चढला की काका दारातून कपाळाला हात लावून आत निघून जायचे.

आणि मग मुलाला ताप आला. साधा वाटणारा ताप. हॉस्पिटलात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. तिशीही गाठली नव्हती त्याने. काका घरी आले तेव्हा चपला पायातच राहिल्या होत्या, आणि त्या काढा म्हणून सांगायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही.

दिवसकार्य झाल्यावर तो शीव कोळीवाड्यातला मित्र आला. चांगला दांडगा पोरगा, पण डोळे रडून सुजलेले. म्हणाला, "काका, तुम्हाला त्रास नको. मी शेठला घेऊन जातो. बायकोचं बघू काय ते." काका चटकन म्हणाले, "ने बाबा, ने." पण खोलीत एकट्याने जायचं त्यांना जमेना, म्हणून मला बोलावलं. मलाही साप म्हटलं की घाम फुटतो, पण नाही कसं म्हणणार?

खोलीत मुलाचा टॉवेल दोरीवर तसाच होता. मित्राने पेटीचं झाकण काढलं. आत एका वाळक्या फांदीला तो विळखा घालून होता. लांबी माझ्या हाताएवढी, जाडी अंगठ्याएवढी, तोंड पुढून तिरकं कापल्यासारखं, अंग खरखरीत. फांदी कुठे संपते आणि साप कुठे सुरू होतो ते पटकन कळेना. मित्र म्हणाला, "विषारी नाय हा. बोआ आहे, अजगरासारखा, पण छोटा, बेटावरचा. तिकडं लांब समुद्रात बेटं आहेत ना, तिकडचा." तो उचलायला वाकला आणि थांबला. "काका, तुम्ही एकदा हात लावा ना. शेवटचं. तुमच्या पोराचा शेठवर लय जीव होता."

काकांनी हात कसा घातला ते मला आजही सांगता येणार नाही. डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. सापाने आधी अंगाचा गोळा केला, डोकं आत लपवलं. मग बऱ्याच वेळाने डोकं बाहेर काढलं, जीभ लपलप करून बोटं चाचपली, आणि शेपटीने फांदी धरून ठेवत काकांच्या मनगटावर चढला. उबेला आला होता तो, आणखी काही नाही. पण काकांनी डोळे उघडले आणि मित्राला विचारलं, "चावत नाही?"

"नाय काका. रागावतच नाय तो."

काका खाली बसले, मांडी घालून, हात पेटीत तसाच. संध्याकाळ होईपर्यंत बसले. शेवटी मित्राला म्हणाले, "राहू दे इथेच."

त्यानंतर चाळीने जो गोंधळ घातला तो विचारू नका. मीटिंगा झाल्या, आवाज चढले. सर्वांत मोठा आवाज माझ्या आईचा. आई सावंतवाडीकडची, अजूनही मालवणीत भांडते. "भाऊ, तुमचां डोक्यां फिरलां काय? पोरगो गेलो म्हणान साप घरात ठेवतल्यात?" काका सगळ्यांना एकच सांगत राहिले, "वहिनी, तो चावत नाही. तो रागावत नाही." सापाची सरकारी कागदपत्रं मुलाने नीट करून ठेवली होती, त्यामुळे कुणाला काही करता येईना. शिवाय पोरगा गमावलेल्या माणसाशी किती भांडणार? लोक थकले.

मित्राला फोन करकरून काका एकेक गोष्ट शिकले, आणि शिकलेलं सगळं मला ऐकवायचे. मी नको नको म्हणत ऐकायचे. शेठ दिवसा तपकिरी असतो आणि अंधार पडला की फिका पडत जातो, पार बिस्किटाच्या रंगाचा. "आपण ऑफिसातून आलो की कपडे बदलतो ना, तसं." शेठला कुणी बघत असलं की तो जेवत नाही. "बघू नये कुणाच्या ताटात. मीच मेला त्याच्या ताटात बघायचो, भात का टाकलास, भाजी का टाकलीस." इथे शेठचं बोलणं संपून मुलाचं कधी सुरू झालं, ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. भीती वाटली की शेठ फणा काढत नाही, फुत्कारत नाही. अंगाचा गोळा करून डोकं आत घेतो आणि वाट बघतो. "स्वभावच तो. आपण आपलं थांबायचं. दार वाजवत बसायचं नाही."

पाली पकडायला शिकले तो तर तमाशा होता. पहिल्या दिवशी स्टुलावर चढले, पाल हलली, आणि काका, डबा, पुठ्ठा सगळं माझ्या अंगावर. पाल माझ्या ओढणीवर. मी किंचाळले, ते माझ्याहून जोरात किंचाळले. आई दारात पदराने तोंड दाबून हसत होती. मुलगा गेल्यापासून त्या गॅलरीत कुणी हसलं असेल तर ते तेव्हा.

एकदा शेठचे डोळे पांढुरके निळे झाले, रंग मळला, खाणं बंद. काका धावत आमच्याकडे आले. "आंधळा झाला गं. माझ्या हातून काहीतरी चुकलं." मित्राने फोनवर समजावलं, कात टाकणार आहे, डोळ्यांवरचीही टाकतो, थांबा. काका थांबले, पण ते थांबणं बघवत नव्हतं. जेवेनात, पेटीसमोरून उठेनात. कात पडली, डोळे पुन्हा काळेभोर झाले, तेव्हा काकांनी आम्हाला पेढे दिले. सापाने कात टाकली म्हणून पेढे! मी आईकडे बघितलं. तिने पेढा कपाळाला लावून खाल्ला.

त्याच दिवशी काकांनी मला ते सांगितलं. ताप येण्याच्या आदल्या संध्याकाळी ते मुलाला बोलले होते. कारण क्षुल्लक, जेवायला हाक मारली आणि तो आला नाही. "मी म्हणालो, तुला माणसं नकोतच, तू पण त्या जनावरातलाच. तो काही बोलला नाही गं. ताट घेतलं आणि आत गेला. दार पण हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मला कळलं तरी असतं." मग पेटीत हात घालून ते शेठची वाट बघत बसले. तो आला, मनगटावर चढला, तिथेच राहिला. "बघ. रागावत नाही," ते म्हणाले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. एवढा मोठा माणूस एका मुक्या जनावराकडून माफी मिळवत बसलाय, आणि ती रोज नव्याने मिळवावी लागतेय, हे मला सहन होईना.

आई मात्र त्या पेढ्यापासून बदलली. आधी दाराबाहेरून चौकशी, मग उंबऱ्यावर बसून. "अंडी घालतलो काय हो?" "नाही वहिनी, या जातीत पिल्लंच होतात." आई विचारात पडली. "म्हणजे आपल्यासारखीच." काका म्हणाले, "आपण पण बेटावरचेच की. इथे सगळी बेटंच होती म्हणे, भराव घालून जोडली." आई म्हणाली, "म्हणान काय साप पाळूचे?" पण हसून म्हणाली.

श्रावणात नागपंचमीला आमच्या घरी चिरणं बंद, तळणं बंद, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. त्या वर्षी आई पातोळ्यांबरोबर दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन काकांच्या दारात. काका आडवे उभे राहिले. त्यांना एवढं ठाम मी कधी पाहिलं नव्हतं. "वहिनी, दूध नको. साप दूध पीत नाहीत. पोटात गेलं तर मरतो तो. पाणी चालतं."

"देवाक पाणी?"

"त्याला पाणीच लागतं."

आईला राग आला. तिने चौकटीलाच हळदकुंकू लावलं, दूध तुळशीत ओतलं आणि दोन दिवस काकांशी बोलली नाही. पण नंतर तिनेच काकांना एक छोटी स्टीलची वाटी आणून दिली, शेठच्या पाण्यासाठी. आमच्या घरातली, काठावर माझ्या आजोबांचं नाव कोरलेली. त्यात काका रोज ताजं पाणी भरायचे.

पुढच्या श्रावणात काकांच्या छातीत दुखायला लागलं. परळच्या हॉस्पिटलात ठेवलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, वय बघता धोका आहे. काकांनी किल्ली आईच्या हातात दिली. "वहिनी, शेठला खायला नको, मी येईपर्यंत तो राहील. फक्त वाटीतलं पाणी बदला." आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही शेठची काळजी करू नकात." ऑपरेशन ठरलं ते नेमकं नागपंचमीच्या दिवशी. मी हॉस्पिटलात होते, आई घरी.

आईने काय केलं ते तिनेच मला नंतर सांगितलं. सकाळी अंघोळ करून, सोवळ्यात, ती एकटी त्या खोलीत गेली. जिला झुरळ दिसलं तरी शेजारणीला हाक मारावी लागते, तिने पेटीचं झाकण काढलं. शेठच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं, स्वतःच्या बोटाने. त्याने अंगाचा गोळा केला आणि डोकं आत घेतलं. आईला वाटलं, नमस्कार घेतला. वाटीतलं पाणी ओतून तिने दूध भरलं, पेटीत लाह्या टाकल्या, आतच धूप लावला, आणि पाल दुधात पडेल म्हणून झाकण पुन्हा बसवलं. मग हात जोडून म्हणाली, माझ्या भावाला परत आण. काकांचं बोलणं ती विसरली नव्हती. पण तिला वाटलं, एवढा मोठा माणूस तिकडे मरणाच्या दारात आहे, आणि आपण देवाला नुसतं पाणी दाखवायचं? एका दिवसाने काय होतंय?

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर हसत बाहेर आले. मी फोन केला तेव्हा आई फोनवरच रडायला लागली, "पावलो गो, पावलो!"

संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा शेठ पेटीच्या तळाशी पडला होता. गोळा नव्हता, फांदीवर नव्हता. पोट वर. अंधार पडला होता तरी रंग तपकिरीच होता. मित्र धावत आला, दोघं त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, नाकात हळद, पोटात दूध, आणि बंद पेटीत धूर. यातलं कशाने, ते कसं सांगू?

मी आईला नाही नाही ते बोलले. ओरडले तिच्यावर. "त्यांनी तुला सांगितलं होतं! एकच गोष्ट सांगितली होती!" आई ओट्याशी उभी, हाताला हळद तशीच. मग मला म्हणाली, "मी मागितलां, तां तेना दिल्यान. माका वाटूक नाय तो स्वतःच जातलो." तिचा तो हिशेब ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मी नुसती रडत बसले.

काका घरी आले तोवर आम्ही शेठला मागच्या अंगणात सोनचाफ्याखाली पुरलं होतं. त्यांना कसं सांगायचं यावर माझी आणि मित्राची कुजबूज चालू होती. निसटला म्हणून सांगू, मित्राने परत नेला म्हणून सांगू. आईने आम्हाला बाजूला केलं. "मीच सांगतंय."

काका खुर्चीत बसले होते, छातीवर पट्टा, तोंड सुकलेलं. आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. हळद सांगितली, दूध सांगितलं, धूप सांगितला. काही लपवलं नाही. "भाऊ, तुमच्या पोराचां जां काय उरलां होतां, तां माझ्या हातान गेलां. माका काय व्हयां तां बोला. पण बोला."

काका आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा कोसळणार. त्यांचा हात खुर्चीच्या कडेवर होता. मग तो हात त्यांनी उचलला आणि आईच्या डोक्यावर ठेवला, आपण लहान मुलाच्या ठेवतो तसा.

"वहिनी," ते म्हणाले, "तो रागावत नाही."

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. ऑपरेशनने हृदय ठीक केलं होतं, असं डॉक्टर सांगत राहिले. संध्याकाळी ते ट्यूबलाइटखाली येऊन उभे राहायचे. स्टूल नाही, डबा नाही, नुसते पालीकडे बघत. मी पिशव्या घेऊन आले की सवयीने थांबायचे. ते बोट ओठांवर नेत नसत. "जा गं तू," म्हणायचे. दिवाळीनंतरच्या एका दुपारी खुर्चीतच गेले. डोंबिवलीची पुतणी आली, तिने भांडीकुंडी वाटली, खोलीला कुलूप लावलं. आजोबांच्या नावाची वाटी आमच्याकडे परत आली.

आता आमच्या गॅलरीत पाली फार झाल्यात. ट्यूबलाइटभोवती घोळका असतो, कुणी पकडत नाही.

यंदाच्या नागपंचमीला आईने पातोळ्या केल्या नाहीत. नाग काढला नाही, दूध आणलं नाही. मी ऑफिसला निघाले तर ती काकांच्या बंद दाराशी बसलेली. उंबऱ्यावर आजोबांची वाटी, आणि वाटीत काठोकाठ पाणी. नुसतं पाणी. हळदीचं बोटसुद्धा नाही.

मी चपला घालायची थांबले. आईने वर न बघता विचारलं, "गो, तो रागावलो नसात ना?"

मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले.

"नाही आई," मी म्हणाले. "तो रागावत नाही."